शेवटची पोळी आणि सत्तर टक्के

आमच्या घरात पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची. सासूबाई हे करायच्या, त्यांच्या सासूबाईही करायच्या. चौविहारामुळे आमचा स्वयंपाक आणि जेवणं सूर्यास्ताच्या आत आटोपतात. त्यामुळे भोरच्या आमच्या आळीतल्या कुत्र्यांना घड्याळाची गरज पडत नाही. हिवाळ्यात साडेपाचला आणि उन्हाळ्यात साडेसहाला ती दाराशी हजर. आळीत जैनांची घरं थोडी, पण सगळ्यांची वेळ एकच. त्यामुळे आळीतली झाडून सगळी कुत्री दिवसातून एकदा एका जागी येतात. या गोष्टीचा किती उपयोग होऊ शकतो हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही गोव्यात.

माझी नणंद मडगावला असते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते तेव्हा सकाळी उजाडता उजाडता गल्लीत एक गाडी आली. आतून सात-आठ मुलंमुली उतरली, हातात लांब दांड्याच्या जाळ्या. मला वाटलं, कुत्री पकडून न्यायला आलेत. मी गॅलरीतून ओरडणार एवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, थांबा, बघा तर." एकाने कुत्र्यावर जाळी टाकली, दुसऱ्याने सुई दिली, तिसरीने डोक्यावर रंगाचा पट्टा ओढला, चौथ्याने मोबाइलवर नोंद केली आणि जाळी उचलली. मिनिटसुद्धा लागलं नसेल. कुत्रा अंग झटकून पुढच्या घरासमोर जाऊन बसला, आमच्याकडे रागाने बघत. ज्या घरांत पाळलेली कुत्री होती तिथे मालकाने धरलं आणि यांनी सुई दिली, जाळी काढलीच नाही.

दुपारी दुसराच एक मुलगा स्कूटरवरून आला. त्याच्याकडे ना जाळी ना सुई. तो नुसता गल्लीगल्लीतून फिरत होता आणि मोबाइलवर बोट दाबत होता. मी विचारलं तर म्हणाला, रंग लावलेली किती आणि बिनरंगाची किती ते मोजतोय. शंभरात सत्तरापेक्षा कमी रंगलेली दिसली तर गाडी पुन्हा या गल्लीत येणार.

मी बी.कॉम. झाले त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. लग्नानंतर दुकानाच्या वह्या सोडल्या तर त्या शिक्षणाचा उपयोग झाला नाही. पण त्या मुलाचं बोलणं मला लगेच कळलं. सकाळच्यांनी जमाखर्च लिहिला आणि दुपारी हा ऑडिटर आला. काम करणारा आणि तपासणारा वेगळा. सेवेच्या कामात असं तपासणीचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. आपण दान करतो आणि विसरून जातो, आणि विसरणं हेच मोठेपण समजतो.

ते काम मिशन रेबीज या संस्थेचं आणि गोवा सरकारचं होतं. 2013 साली सुरुवात झाली, आणि पुढे वर्षाला 95,000 हून जास्त कुत्र्यांना लस देण्यापर्यंत ते गेलं. शाळांमधून दरवर्षी दीड लाख मुलांना सांगितलं गेलं की कुत्रा अंगावर आला तर काय करायचं आणि चावला तर काय करायचं. सात वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी कमी झाला. 2017 च्या सप्टेंबरनंतर माणूस दगावल्याची नोंद झाली नव्हती, आणि 2021 च्या जूनमध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांची सरसकट कत्तल न करता. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या लोकांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आपल्या लोकांचा आणि कुत्र्यांचा इतिहास जुना आहे. 1832 साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दंगा झाला, बाजार बंद पडला. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली ती सर जमशेटजी जीजीभाय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने. मोतीचंद अमीचंद म्हणजे आपले मोतीशा शेठ, ज्यांची टुंक शत्रुंजयावर आहे. मग 1926 साल. अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाईंनी आवारातली साठ कुत्री मारवली, पिसाळण्याच्या भीतीने. साराभाई स्वतः जैन घरातले. गावात गदारोळ झाला. पण गांधीजींनी "यंग इंडिया"त लेखामागून लेख लिहून सांगितलं की याला दुसरा इलाज दिसत नाही. त्यांच्यावर रागाची पत्रं येऊन पडली. गांधीजींचं म्हणणं थोडक्यात असं, की कुत्रं मोकाट असणं हाच समाजाचा दोष आहे. तुकडा टाकून निघून जाणारा दयाळू नाही, कुत्र्याची जबाबदारी घेणारा दयाळू. मारण्याशी मी सहमत नाही, आजही नाही. पण तुकड्याबद्दलचं त्यांचं बोलणं मला टोचतं, कारण शेवटची पोळी मीही टाकतेच.

त्या काळी दोनच दारं होती, मारा किंवा सोडून द्या. आज तिसरं दार उघडं आहे आणि तरी आपण त्याच दोन दारांवर भांडतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल एक आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलला, तेव्हा आमच्या आळीतही दोन पक्ष पडले. "उचलून न्या" म्हणणारे आणि "हात लावून दाखवा" म्हणणारे. मी दोघांनाही विचारलं, आपल्या आळीत कुत्री किती? कोणालाच आकडा माहीत नव्हता. ज्यांना ती नको होती त्यांनाही नाही आणि जे रोज खायला घालतात त्यांनाही नाही.

माझ्या मनात हा विषय त्याच्याही आधी बसला होता, एका मुलामुळे. आमच्या दुकानात वेल्ह्याकडचं गिऱ्हाईक पूर्वीपासून आहे. (वेल्ह्याला आता राजगड तालुका नाव दिलंय, पण तिकडची माणसं अजून वेल्हंच म्हणतात.) एक गृहस्थ बाजाराला आले, बरोबर आठ-नऊ वर्षांचा नातू. पोराच्या पोटरीला फडकं बांधलेलं. सोडून पाहिलं तर आत मिरचीपूड आणि चुना. आदल्या संध्याकाळी वस्तीवरच्या कुत्र्याने धरलं होतं. पोरगं रडून रडून दमलं होतं, त्या जखमेपेक्षा मिरचीने. आमच्या दुकानामागच्या नळाखाली त्याचा पाय धरला, अंगाचा साबण लावला आणि भिंतीवरचं घड्याळ बघत पंधरा मिनिटं धूत राहिले. पंधरा म्हणजे पंधरा. साबणाने या विषाणूचं वरचं आवरण विरघळतं, म्हणून हे पाणी औषधाइतकंच मोलाचं. आजोबा म्हणत होते, "ताई, एवढं कशाला, मांत्रिकाने उतरवलंय." मी म्हटलं, "बाबा, उतरवलंय ते ठीक, पण सुई घेऊनच घरी जायचं." सुई मिळाली, पण पोटरीची जखम खोल, तिला जखमेतच द्यायचं औषध लागतं, ते त्या ठिकाणी नव्हतं. रात्री पुण्याला गेले ते. पोरगं आज धडधाकट आहे, यंदा सातवीत गेलं.

रेबीजमध्ये हीच एक गोष्ट भयंकर आहे. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने मिळतात, कधी त्याहून जास्त. त्या काळात सगळं करता येतं. लक्षणं दिसल्यावर जवळजवळ काहीच करता येत नाही. देशात दरवर्षी किती माणसं जातात याचे दोन आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं 18 ते 20 हजार म्हणत आली. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेने घरोघर पाहणी केली तेव्हा अंदाज 5,726 निघाला. दोन वह्या जुळत नाहीत. पण लहान आकडा खरा धरला तरी रोज पंधरा माणसं होतात, आणि त्यांत मुलं फार.

आमच्या पिढीच्या मनात आणखी एक अडचण आहे. पोटातली चौदा इंजेक्शनं. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून करत, कसौलीला 1911 साली शोधलेल्या पद्धतीने, आणि आपल्याकडे ती 2005 च्या सुमाराला बंद झाली. माझ्या सासूबाईंना हे कुठून तरी कळलं होतं, आणि "मला कुत्रं चावलं तर णमोकार म्हणा, सुई देऊ नका" असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. सुदैवाने वेळ आली नाही. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होते. त्या पेशींचं मूळही 1962 साली एका माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेलं आहे, हे मी लपवत नाही. पण त्यानंतर त्याच पेशी वाढवत आणल्या आहेत, रोज जनावर मारावं लागत नाही. जखमेत द्यायचं औषधही पूर्वी घोड्याच्या नाहीतर माणसाच्या रक्तातूनच मिळायचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आता प्रयोगशाळेत बनणारं काढलं आहे. ज्यांना व्रत सांभाळायचं आहे त्यांनी हे विचारून घ्यावं, पण विचारताना दिवस घालवू नये.

गोव्याहून आल्यावर आणि त्या पोराचा पाय धुतल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली. पोळीच्या वेळी दारात उभी राहून लिहू लागले. काळू, पांढऱ्या पायाची, शेपूट तुटका, राणी, राणीची दोन. समोरच्या वहिनींनी त्यांच्या दारची लिहिली, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्याच्याकडची. आठ दिवसांनी तिघांच्या याद्या जुळवल्या, दुबार नावं काढली. तेवीस.

मग पैशांचा प्रश्न. जीवदयेच्या पेटीतून मागावे म्हणून बोलणं काढलं तर एक ज्येष्ठ श्रावक म्हणाले, "बेन, जाळी टाकणं म्हणजे बंध. पहिल्या अणुव्रताचा अतिचार." त्यांचं चूक नव्हतं. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं हे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात नेहमी म्हणतो. जाळी हा बंध, नसबंदीनंतर कानाला देतात तो काप म्हणजे छविच्छेद. मी चातुर्मासाला आलेल्या साध्वीजींना विचारलं. लस द्या किंवा देऊ नका असं त्या सांगणार नाहीत हे मला माहीत होतं, साधू-साध्वी अशा कामाचा आदेश देत नाहीत. मी फक्त बंधाचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, शास्त्रकारांनी बंधाचेही दोन प्रकार केलेत. रागाने, निर्दयपणे करकचून बांधलेला एक आणि गरजेपोटी, जनावराची काळजी ठेवून बांधलेला एक. त्यात गाठ अशी सैल हवी की आग लागली तर जनावर सुटून जाईल. मग म्हणाल्या, आणि हिंसेच्या व्याख्येत प्रमाद हा शब्द आधी येतो, प्राण नंतर. एवढंच बोलून त्या गोचरीला उठल्या.

मी घरी येऊन विचार करत बसले. मडगावची ती जाळी मिनिटाच्या आत उचलली होती, ती सैल गाठच म्हणायची. आणि प्रमाद? माझ्या दाराशी तेवीस कुत्री रोज जेवतात आणि त्यांतल्या किती जणांना लस दिली आहे हे मला माहीत नाही, याला दुसरा कुठला शब्द आहे? हे मी त्या श्रावकांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. पेटीतून पैसे मिळाले नाहीत, पण त्यांनी स्वतःच्या खिशातून निम्मे दिले.

एका रविवारी पशुवैद्य डॉक्टर साडेपाचला आले, बर्फाच्या डब्यात लस घेऊन. ही लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, नाहीतर पाणी टोचल्यासारखंच. त्यांचा नियम एकच होता, ज्याने स्वतः आधी लस घेतली आहे तोच कुत्र्याला धरणार. बाकीच्यांनी पोळी दाखवायची आणि मागे राहायचं. त्यांच्या बरोबरच्या दोन मुलांनी धरायचं काम केलं. जाळी फक्त पाच वेळा लागली. जी कुत्री रोज माझ्या हातची पोळी खातात ती मान खाली घालून खात राहिली आणि सुई कधी लागली ते त्यांना कळलंही नाही. गोव्यात परक्या माणसांना जे जाळीने करावं लागलं ते इथे पोळीने झालं. अंधार पडेपर्यंत सोळा झाली.

सोळा भागिले तेवीस. एकोणसत्तर पूर्णांक सत्तावन्न. माझा मुलगा म्हणाला, "आई, सत्तरच की ते." मी म्हटलं, सत्तर नाही. पुढच्या आठवड्यात मोरीखाली व्यालेली लाल कुत्री, जी पिल्लांना सोडून पोळीला येत नव्हती, तिच्यासाठी डॉक्टर पुन्हा आले. सतरा.

सत्तरच का, शंभर का नाही, हे मला तेव्हा कोडं वाटायचं. पिसाळलेला एक कुत्रा सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देतो. त्यामुळे वर्षभर निम्म्याच्या आसपास कुत्री सुरक्षित राहिली तरी साखळी तुटते. मग सत्तर कशाला? तर घसाऱ्यासाठी. हे मला पुस्तकातून कळलं नाही, वहीतून कळलं. वर्षाने पुन्हा मोजलं तेव्हा लस दिलेल्या सतरांतली पाच नव्हती. दोन गाडीखाली गेली, एक म्हातारं होऊन गेलं, दोन कुठे गेली कोणास ठाऊक. लस न दिलेल्यांपैकीही दोन दिसेनात. आणि दहा नवीन होती, काही इथेच जन्मलेली, काही कोणीतरी गोणीत घालून आणून सोडलेली. एकूण सव्वीस, लस दिलेली बारा. शेहेचाळीस टक्के. चौऱ्याहत्तरवरून शेहेचाळीस, एका वर्षात, आणि यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही. पहिल्या दिवसाची सत्तर ही सुरुवातीची शिल्लक असते, वर्षभर ती आपोआप खर्च होत जाते. म्हणून एकदाच मोठा कॅम्प, फलक आणि फोटो, याने काही होत नाही. गोव्याने तेच काम त्याच गल्लीत दरवर्षी पुन्हा केलं. राष्ट्रीय आराखड्यात 2030 चं उद्दिष्ट आहे, पण आळीला उद्दिष्ट एकच, यंदाचं सत्तर.

आळीचं जमलं म्हणजे गावाचं जमलं असं नाही, आणि वेल्ह्याचा हिशेब तर पूर्ण वेगळा. भोर गावात जाळी लागेल, कारण एसटी स्टँडची आणि मटणाच्या दुकानांमागची कुत्री कोणाचीच नाहीत. वेल्ह्याच्या वस्त्यांवर बहुतेक कुत्र्यांना मालक आहे, फक्त साखळी नाही. तिथे मालकाने हाक मारली की काम होतं, पण मालक घरी असायला हवा, आणि वस्तीवर पोचायला हवं. पावसाळ्यात तिकडे कोणी जाऊ नये असा पाऊस असतो, भातलावणीत माणसं घरी सापडत नाहीत. भात झोडून झाल्यावर, दिवाळी ते होळी, एवढीच वेळ. राजगड-तोरण्यावरची कुत्री आणखी निराळी. ती शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांच्या मागे बिस्किटांसाठी गड चढतात आणि सोमवारी पायथ्याच्या गावात उतरतात. त्यांना मोजायचं तर वार बघून मोजावं लागेल. पण त्यांना लस देणारा माणूसही मला डोळ्यांसमोर दिसतो, जो गडाखाली पिठलं-भाकरी विकतो तोच. त्याच्याकडे ती रोज येतात.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आमची तिसरी खेप आहे. वही तीन आळ्यांची झाली आहे, दोन घरं जैनांची नाहीत आणि त्यांच्याकडे संध्याकाळचं जेवण नऊला असतं, त्यामुळे त्यांच्या दारची कुत्री साडेपाचला जमत नाहीत. डॉक्टरांना दोनदा यावं लागेल, बर्फ जास्त लागेल. मोरीखालच्या लाल कुत्रीची दोन पिल्लं आता मोठी झाली आहेत. एक पोळीला येतं. दुसरं येत नाही, त्याला चहावाला पाव घालतो, पण ते त्याच्याही हाताला लागत नाही. त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं आहे.